सुकेपर्यंत दाबून धरा

नाही, पण मला एक सांगा, 'नवशिक्यांसाठी' म्हणजे नक्की कोणासाठी हो? खोक्यावर एवढ्या ठळक अक्षरांत छापलंय, 'बाहुलीचे लाकडी घर, नवशिक्यांसाठी, सोपे, मजेदार, वय वर्षे आठ व पुढे'... आता पुढे म्हणजे किती पुढे, याला काही मर्यादा? मी आठाच्या इतका पुढे निघून आलोय की मागे वळून पाहिलं तर आठ दिसतसुद्धा नाहीत! आणि खोका उघडला तर आत घर नव्हतंच. चित्रात होतं, खिडक्यांना पडदे, दारात कुंडी, गच्चीवर मांजर. आत नुसत्या फळ्या! पातळ पातळ, प्रत्येकीवर एक अक्षर छापलेलं, आणि तळाशी एक चतकोर कागद, त्यावर काय? 'डिंक समाविष्ट नाही.' डिंक समाविष्ट नाही! हे म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत खाली बारीक अक्षरात 'नवरा समाविष्ट नाही' छापण्यासारखं झालं!

आता तुम्ही म्हणाल, जमत नव्हतं तर घेतलंत कशाला? मी घेतलं? मी?? तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी पाण्याचे मीटर वाचले. लोकांच्या घराबाहेर उकिडवं बसायचं, आकडा टिपायचा, कुत्रं सुटायच्या आत पुढच्या दारात जायचं. घर आतून उभं कसं राहतं हे आमच्या खात्यात कोणी शिकवलं नाही. किट आणलं व्याह्यांनी. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. निवृत्त हेडमास्तर. निवृत्त शाळेतून झालेत, हेडमास्तरकीतून नाही. खोका काखेत मारून दारात उभे, आणि तो आवाज, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, "असं आहे बघा व्याही, आपण दोघं आजोबा! नातीला आपण दोघांनी मिळून घर बांधून द्यायचं. आमच्याकडे टेबल लहान. तुमच्याकडे टेबल मोठं आहे, शांतता आहे, वरचा फ्लॅटही रिकामा, डोक्यावर धपधप नाही. मी रोज सकाळी येत जाईन."

रोज! पण नाही म्हणायचं कसं? आपण पडलो मुलीकडचे!

हे तुम्हाला कळायचं नाही, ज्यांना मुलगेच आहेत त्यांना तर नाहीच नाही. मुलीच्या बापाच्या मानेत एक स्प्रिंग असते हो. मुलाकडचा माणूस समोर आला की मान आपोआप खाली-वर, खाली-वर. चहा कडू झाला तरी 'वा', पंखा अंगावर पडला तरी 'छान वारा आहे'. लग्नाला इतकी वर्षं झाली, नात शाळेत जायला लागली, पण स्प्रिंग काही सैल झाली नाही. मी म्हणालो काय? "वा, वा! उत्तम कल्पना!" आमची ही स्वयंपाकघरातून बघत होती. तिनं कपाळाला हात लावला नाही, कारण दोन्ही हात कणकेत होते.

बरं, इथवर तरी ठीक. दुपारी लेकीचा फोन. "बाबा, बरंच झालं! आयतेच एकत्र बसताय, तर काम करता करता सहज त्यांच्या कानावर घाला ना." म्हटलं, काय घालू? तर म्हणे, "आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय. फ्लॅट बघितलाय. मालकाला शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय." मी खुर्चीत बसलो. बसलेलोच होतो, आणखी बसलो. म्हटलं, "अगं, हे जावईबापूंनी नको का सांगायला? त्यांचे वडील आहेत!" तर म्हणते, "त्याचं तोंड उघडतं का त्यांच्यापुढे? अजून चप्पल काढून आत येताना 'आत येऊ का सर' असा चेहरा असतो त्याचा. बाबा, तुम्ही सांगा. प्लीज. मी खूप दमलेय हो."

दमलेय म्हणाली. तुम्हाला सांगतो, या पोरीनं लग्नानंतर जेव्हा जेव्हा फोन केला, सासूबाई असं म्हणाल्या, सासरे तसं म्हणाले, तेव्हा मी एकच उत्तर दिलं, "बाळा, सुरुवातीला जड जातं. जुळवून घे." आणि फोन ठेवला. फोनवरून फार सोपं असतं ते! तिनं घेतलंही बिचारीनं. आता पुन्हा तेच म्हणायला जीभ उचलेना. म्हटलं, सांगतो. बोलून बसलो, सांगतो! कोणाला? व्याह्यांना? मी?

तर पहिला प्रश्न डिंकाचा. गेलो हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार मोबाइलमधून मान न काढता, "काय पाहिजे?" म्हटलं, घर उभं करायचंय, चिकटवायला काहीतरी द्या. "सिमेंट समोर मिळेल." अहो, लाकडाचं घर! "मग सुतार बघा." बाहुलीचं हो, बाहुलीचं! तेव्हा मान वर आली. मग सुरू झाला तो प्रश्नांचा मारा, लाकडाला लाकूड का लाकडाला कागद? ओझं किती पेलायचं? पाणी लागणार? ऊन लागणार? अहो, बाहुलीच्या घरावर कोण पाणी टाकतंय? तोवर त्यानं काउंटरवर ओळीनं मांडलं सुद्धा, हा पांढरा, लाकडाचा, सावकाश सुकतो. हा पिवळा, चपलेचा, वास दोन दिवस जात नाही. ही गोंदाची बंदूक, गरम करून मारायची, बोटं सांभाळा. आणि ही नळी, झटपट, एक थेंब, आकडे मोजायच्या आत चिकटलं. म्हटलं, यातलं चांगलं कुठलं? तर म्हणाला, "सगळीच चांगली. तुम्हाला घाई किती आहे त्यावर." मला घाई किती? शनिवार! शिवाय जितकं लवकर चिकटेल तितके व्याही लवकर घरी जातील! म्हटलं, नळी द्या. तो म्हणाला, "बघा हं, एकदा धरलं की सुटत नाही." म्हटलं, डिंक विकताय का सोयरीक?

नळी घेऊन आलो, तर टेबलावर आधीच पांढऱ्या डिंकाचा डबा. डबा! एवढा मोठा, की त्यात खरं घर चिकटलं असतं. व्याही बाह्या सरसावून बसलेले, "असं आहे बघा, झटपट वस्तूंवर माझा विश्वास नाही. शिक्षण, लोणचं आणि डिंक, मुरायला वेळ लागतो. सांधा जोडायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा सांधा. घाई काय आहे?" घाई काय आहे! मी शर्टाच्या खिशातली नळी तशीच आत ढकलली, आणि म्हणालो, "अगदी मनातलं बोललात." काय करणार, आपण पडलो मुलीकडचे!

आणि नळीचं टोपण नीट बसलं नव्हतं. तुम्हाला सांगतो, खिशात काहीतरी गार लागलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. खिशात चष्मा होता माझा. नळी चष्म्याला, चष्मा खिशाला, खिसा शर्टाला... एकजीव! आता चष्मा पाहिजे तर शर्ट काढावा लागणार, आणि शर्ट काढला तर नळी दिसणार, आणि व्याही म्हणणार, चोरून झटपट आणलंत? म्हणून मी आपला बिनचष्म्याचा बसलो, आणि भांडं फुटू नये म्हणून आठवडाभर रोज तोच शर्ट! म्हटलं, "व्याही, कागद तुम्हीच वाचा, तुमचं वाचन शुद्ध."

तो कागद! कुठल्या भाषेतून कोणी मराठीत आणला देव जाणे, पण व्याही उभं राहून, जणू प्रार्थनेला शाळा जमलीय, असं वाचायला लागले, "भाग अ याने भाग ब याच्याशी जुळवून घ्यावे." मी फोनकडे बघितलं. "जबरदस्ती करू नये. न जुळल्यास हळुवार घासावे. जादा डिंक ताबडतोब पुसावा, वाळल्यावर डाग राहतो. सुकेपर्यंत वाट पाहावी. मगच पुढील भागाने जुळवून घ्यावे." हिनं आतून विचारलं, "काय हो, कोणाच्या लग्नाचं वाचताय?"

बरं, पांढऱ्या डिंकाचं कसं, काम थोडं आणि वाट बघणं फार. एक भिंत लावायची की बसा! समोरासमोर दोन व्याही, मधे ओली भिंत. म्हणजे बोलायला वेळच वेळ. मी म्हणायचो, आत्ता. आत्ता सांगतो. घसा खाकरला, "व्याही, मी काय म्हणतो, घर जरा लहानच नाही का? इतक्या माणसांना?" ते म्हणाले, "बाहुल्या तीन आहेत." म्हटलं, तसं नाही, पुढेमागे... "असं आहे बघा व्याही, जागा मनात असावी लागते." संपलं! दुसऱ्या दिवशी दुसरा प्रयत्न, "मधे एक भिंत असली म्हणजे बरं, नाही? प्रत्येकाला आपलं आपलं, भांडण नाही, तंटा नाही..." तर ते एकदम खूश, "भाग क! तीच लावायचीय आता. डिंक सरकवा." मी काय बोलतोय आणि गृहस्थ काय लावतोय!

आणि लावली ती कशी? उलटी! भिंतीतलं दार थेट छताला! बिनचष्म्याचंसुद्धा मला दिसलं हो, अहो, बाहुलीला दारातून जायला पंख लावावे लागतील! तोंडापर्यंत आलं, 'व्याही, भिंत उलटी.' आता मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला, तेही हेडमास्तरला, 'उलटं केलंत' म्हणायचं? म्हणालो काय मी? "वा! वरून उजेड छान येईल." ते भिंतीकडे जरा वेळ बघत राहिले. माझ्याकडे बघितलं.

मग मजल्याची फळी मी लावली. अंदाजानं. तिला जिन्यासाठी भोक असतं. लावून झाल्यावर बोट फिरवून बघतो तर जिना या कोपऱ्यात आणि भोक त्या कोपऱ्यात! जिना चढत चढत जातो आणि छताला डोकं आपटतो. म्हटलं आता हेडमास्तर छडी काढणार. तर ते म्हणाले, "उत्तम!" उत्तम? तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

उलट दुसऱ्याच दिवशी गंमत झाली. म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली. व्याही मान मागे टाकून बसलेले, डिंक वाळायची वाट बघत, आणि म्हणतात, "वर हवा चांगली येत असेल, नाही?" मी घराच्या वरच्या मजल्यात डोकावलो. दोन खिडक्या. म्हटलं, हो तर, आरपार! "रिकामाच आहे ना?" रिकामाच, अजून काही ठेवलेलं नाही. "जिना?" म्हटलं, जिन्याची जरा अडचण आहे. "चालेल, कठडा धरून चढू सावकाश. मग आम्ही दोघं आलो तर तुमची काही हरकत?" मला वाटलं, शिक्षक माणूस आहे, रंगलाय बाहुल्यांच्या खेळात. आपणही रंगावं! आणि मुलाकडच्यांनी 'येऊ का' विचारल्यावर मुलीकडच्या तोंडातून दुसरं काय निघणार? दोन्ही हात जोडून, मान खाली-वर, "अहो, विचारता काय? घर आपलंच आहे!"

घर आपलंच आहे! तुम्हाला सांगतो, हे वाक्य मराठी माणूस दिवसातून कितीदा म्हणतो, आणि ऐकणाराही ते कधी खरं धरत नाही, म्हणून तर चाललंय सगळं!

आला शुक्रवार. राहिलं होतं छप्पर. आणि लेकीचे निरोपावर निरोप, ही कानात वाचून दाखवतेय, 'बाबा, सांगितलं का?' 'बाबा, उद्या शेवटचा दिवस.' 'बाबा??' कागदावर शेवटची ओळ, व्याह्यांनी वाचली, "छपराचे दोन्ही भाग सुकेपर्यंत दाबून धरावेत." झालं! एका बाजूला ते, एका बाजूला मी, दोघांचे चारही हात छपरावर, मधे वीतभर अंतर. दोन व्याह्यांनी इतक्या जवळून एकमेकांकडे कधी बघू नये हो. त्यांच्या नाकावर एक केस आहे, बिनचष्म्याचासुद्धा दिसेल एवढा, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. हलता येईना, उठता येईना, नाक खाजलं तरी सोय नाही. हिनं चहा आणला आणि ठेवला समोर, वाफ निघतेय, प्यायचा कसा? आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलं, की आता बोलला नाहीत तर संध्याकाळी चहा नाही.

मी डोळे मिटले. म्हटलं, "व्याही, मला एक बोलायचंय." आणि त्याच क्षणी तिकडून, "व्याही, मला एक बोलायचंय." बोला ना! नाही, तुम्ही बोला. छे छे, तुम्ही मोठे. अहो, तुम्ही यजमान. नाही नाही, आधी मुलाकडचे! तो डिंक सुकला असता, पण आमचं 'आधी तुम्ही' संपलं नसतं. शेवटी त्यांनीच मान खाली घातली. आणि तो शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, तुम्हाला सांगतो, पहिल्या बाकालासुद्धा ऐकू येईना. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. आम्ही वेगळं राहायचं म्हणतोय."

कोण आम्ही?

"मी आणि मंडळी. सुनेबद्दल काही नाही हो! सोन्यासारखी पोर. पण व्याही, मी दमलो. मी घरात आलो की टीव्ही बंद. शिंकलो की मुलगा उभा राहतो. इतकी वर्षं धाक ठेवला, आता तो मलाच पेलत नाही. दोघंच कुठेतरी राहावं, हवं तेव्हा शिंकावं... पण तुम्हाला सांगणार कसं? तुम्ही मुलीकडचे! तुम्हाला वाटेल, पोरीला एकटं टाकून चालले. आठवडाभर सांगेन सांगेन म्हणतोय. त्यासाठीच तर हे किट आणलं. मला कुठे येतंय यातलं काही! तुमची मजल्याची फळी उलटी लागली, डोळ्यांनी बघितली मी. बोललो नाही. म्हटलं, आधीच एक वाईट बातमी द्यायचीय."

अहो, मला रडावं का हसावं कळेना! मी आनंदानं दोन्ही हात वर केले, "व्याही! आमची लेकसुद्धा तेच म्हणतेय! त्यांनाही वेगळं राहायचंय! मी तेच सांगायला बसलो होतो!" मला वाटलं, आता गळ्यात पडतील. तर चेहरा पडला गृहस्थाचा. खाडकन. म्हणाले, "म्हणजे... आम्ही नको झालोय त्यांना?" म्हटलं, अहो, पण तुम्हीच आत्ता... "आमचं वेगळं आहे! आम्ही समजून उमजून निघालोय. पण त्यांनी असं मनात आणावं?" डोळ्यांत पाणी हो! आणि ते पुसायला हेडमास्तरांनी पण हात काढला, आणि आमचं छप्पर, तुम्हाला सांगतो, दोन्ही बाजूंनी निराधार, लागलं घसरायला! मी काय करणार? घातला हात खिशात, ओढली नळी, खिशासकट, चष्म्यासकट, टरकन आवाज झाला, दाबली छपरावर. एक थेंब. बसलं! तिरकं बसलं, पण बसलं. व्याही बघतायत. छपराकडे नाही. माझ्या हातात नळी, नळीला चष्मा, चष्म्याला खिसा. सावकाश म्हणाले, "झटपट?" मी मान खाली घातली. मग त्यांना हसू फुटलं, मला फुटलं, ही धावत बाहेर आली, तर दोघं म्हातारे टेबलावर डोकं ठेवून खिदळतायत!

तिला म्हटलं, अगं, सुटलो! मुलांना कुठे जायला नको, फ्लॅट नको, भाडं नको. मुलं आहेत तिथेच राहतील, हे दोघं वेगळे राहणार! ही म्हणाली, "अरे वा. कुठे बघितलंय घर?" तर व्याही डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे काय? ह्यांनीच तर आग्रह केला! वर हवा चांगली आहे, रिकामा आहे, घर आपलंच आहे. मी त्याच दिवशी तुमच्या वरच्या फ्लॅटच्या मालकाला शब्द देऊन टाकला."

हिच्या हातातली कपबशी तिरकी झाली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं.

शनिवारी सगळे आले. नातीनं घराला एक फेरी मारली. वाकून बघितलं. "हा जिना कुठे जातो?" मी म्हणालो, "छताला." "दार एवढं वर का?" व्याही म्हणाले, "उजेडासाठी." पोरीनं विचार केला, म्हणाली, "छान आहे. पण हे इथेच राहू दे. माझ्या बाहुल्यांना नको." जावई मात्र वडिलांसमोर पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसले होते. आणि लेक मला बाजूला घेऊन, डोळे भरून, "बाबा, तुम्ही खरंच बोललात माझ्यासाठी?" काय सांगणार? म्हटलं, बोललो.

आता वर व्याही राहतात. बरोबर माझ्या डोक्यावर. मनासारखं शिंकतात. इतक्या जोरात शिंकतात की आमच्या कपाटातली भांडी सुद्धा उभी राहतात. आणि सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की वरून काठी, ठक ठक! "व्याही, येताय ना? असं आहे बघा, नवीन किट आणलंय! दुमजली शाळा! 'मध्यम अनुभवींसाठी'! पांढरा डबाही आणलाय!" आता नाही म्हणायचं कसं? आपण पडलो...

काल न राहवून लेकीला फोन लावला. म्हटलं, बाळा, काय सांगू तुला, सकाळी सातला काठी, दुपारी डिंक, संध्याकाळी शुद्धलेखन, परवा तर मी चहा भुरकला म्हणून वरून खाली ओरडले, माणसानं राहायचं कसं? ती शांतपणे सगळं ऐकून घेत होती. मला बरं वाटलं, म्हटलं, पोटची पोर आहे, तिलाच कळणार.

म्हणाली, "बाबा, सुरुवातीला जड जातं. जुळवून घ्या."

आणि फोन ठेवला.

ठक ठक!

...आलो हो, आलो!